आरशातला भोवरा

पहिल्या दिवशी तिला त्याचे फक्त पाय दिसले. प्रयोगशाळेतल्या फिरत्या टेबलाखालून दोन मोजे बाहेर आले होते, एक करडा आणि एक निळा.

"अहो... खाली कोणी आहे, की नुसते मोजेच वाळत घातलेत?"

"तंत्रज्ञ आहे," मोजे बोलले. "आणि तुम्ही त्या नवीन संशोधक. सामान मागवायच्या चिठ्ठ्या घाईघाईने लिहिणाऱ्या."

"अक्षर वाईट आहे, असं सरळ म्हणा ना."

"पहिल्याच दिवशी? एवढा धीट नाही मी."

ओळख झाली ती अशी. काम दोघांनी मिळून करायचं. काचेच्या टाकीत खाली खारं पाणी, वर गोडं, आणि थर मोडू नयेत म्हणून चार तास संथ धार. मग टेबल फिरवायचं आणि पाण्यातून एक पट्टी ओढायची. पाण्यावर पाणी घासलं की भोवरे उठतात. टेबल भोवऱ्यांच्याच दिशेने फिरलं तर ते निवतात. उलट्या दिशेने, हळू फिरलं तर चेकाळतात. किती चेकाळतात, हाच तिच्या प्रबंधाचा विषय. त्या चार तासांत धारेकडे बघायचं सोडून ती त्याच्या बोटांकडे बघत बसायची. त्यालाही ते कळत असणार—मान वर न करता तो हसायचा.

प्रयोगाच्या दिवशी मात्र भोवरे चेकाळायचे सोडून गुपचूप निवले. शुक्रवारच्या बैठकीत सरांनी विचारलं, "असं कसं झालं?" दहा जण तिच्याकडे बघत होते. तिच्या तोंडून निघून गेलं, "थर भरताना... यांच्याकडून घाई झाली असेल."

त्याने हातातली वही मिटली. सोमवारी टेबल दुसऱ्याकडे गेलं आणि त्याची रवानगी सामानाच्या कोठारात झाली.

मंगळवारी तिला चूक सापडली. भोवऱ्यांची दिशा तिने कॅमेऱ्याच्या चित्रावरून ठरवली होती, आणि कॅमेरा बघत होता टाकीवरच्या तिरप्या आरशातून. आरशात डावं ते उजवं! उलटं म्हणून तिने फिरवायला सांगितलेलं टेबल भोवऱ्यांच्याच दिशेने फिरलं होतं. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दोन दिवस ती लांबच्या जिन्याने ये-जा करत राहिली, वाटेत कोठार लागू नये म्हणून. अशा तोंड चुकवण्याचीही तिला वेगळी लाज वाटत होती.

गुरुवारी शेवटी गेली. तो नळ्यांना चिठ्ठ्या चिकटवत होता.

"चूक माझी होती. तो आरसा... मी विसरलेच. माफ करा."

"केलं." त्याने मान वर केली नाही, आणि या वेळी तो हसलाही नाही. "पण एक विचारू? दोष दिलात तो दहा जणांसमोर. माफी मात्र इथे, खोक्यांमागे?"

जाताना तिने एवढंच सांगितलं, की उद्या बैठकीला या.

शुक्रवारी तो दाराशीच उभा राहिला. ती उठली. फळ्यावर बाण काढून तिने आरशाचं सगळं सांगितलं. थर अगदी चोख भरले होते, हेही सांगितलं. कुणीतरी फिसकन हसलं.

"कधी कळलं हे?" सरांनी विचारलं.

'आत्ताच' म्हणता आलं असतं.

"मंगळवारी."

"मग इतके दिवस गप्प का?"

"लाज वाटत होती, सर. चुकीची तर वाटतेच, पण..." तिची नजर दाराकडे गेली आणि जीभ सुटली ती सुटलीच. "ज्यांच्यावर ढकललं, ते मला आवडतात. म्हणून तोंड दाखवायची हिंमत होत नव्हती."

इतिवृत्त लिहिणाऱ्याचं पेन थांबलं. धरणी पोटात घेईल तर बरं, असं तिला झालं.

सर खाकरले. "सोमवारपासून टेबल यांच्याकडे परत. आणि इतिवृत्तात सगळं येऊ द्या."

"सर," दाराकडून आवाज आला. त्याचे कान लाल झाले होते. "यांचं ते आवडण्याचं वाक्य नका लिहू... तेवढं माझ्याकडेच राहू द्या."