दोर वळणाऱ्याचं ताट

थंडीच्या दिवसांत समुद्राकाठच्या त्या सराईत कुणी उतरत नाही, म्हणूनच प्रकाशकांनी कुझुमींना तिथे नेऊन ठेवलं. गोष्ट पुरी होईपर्यंत लेखकाला असं आडबाजूला कोंडून घालायचं, ही त्या धंद्यातली जुनी रीत. कुझुमींनी तिची मनातून धास्तीच घेतली होती. त्यांनी आयुष्यभर विद्यापीठात कथा शिकवली होती, म्हणून सगळे त्यांना ‘सेन्सेई’, म्हणजे गुरुजी, म्हणत; निवृत्तीनंतर हौशी मंडळींना प्रतिभा कशी जोपासावी याचे धडेही दिले होते. पण स्वतःची म्हणावी अशी ओळ कित्येक वर्षांत उतरली नव्हती.

पोचवायला आलेल्या संपादिका नागासेबाई परतीच्या बसमध्ये चढता चढता म्हणाल्या, “सेन्सेई, या खेपेला शेवट निसटू देऊ नका. तुमची माणसं दारापर्यंत येतात नि मागे फिरतात. वाचक आपला उंबऱ्यावर ताटकळतो!”

“मलाच आत जायची भीती वाटते, बाई,” कुझुमी हसून म्हणाले. ते खरंच होतं. हे पुस्तक शेवटचं, हेही त्यांना ठाऊक होतं.

दुपारी मालकीण हात्सुए जेवण घेऊन माडीवर आली, ती दोन ताटं घेऊन. एक तिने त्यांच्यापुढे ठेवलं, दुसरं समोरच्या रिकाम्या आसनापुढे. घरचं माणूस परगावी असलं की त्याच्या नावाने ताट वाढतात, म्हणजे ते वाटेत उपाशी राहत नाही. कुझुमींची आईही वाढायची.

“तुमचं कोण गेलंय दूर?” त्यांनी विचारलं.

“माझं कुणी नाही हो. तुमच्या गोष्टीतला माणूस यायचाय ना अजून? इथे लिहायला येतात त्या सगळ्यांचं करते मी. तुम्ही लोक नुसत्या हाका मारता. खायला कोण घालणार?”

कुझुमींना हसू आलं. पण त्याच दुपारी लिहिता लिहिता सोकिची त्यांना डोळ्यांपुढे दिसला. जहाजांसाठी दोर वळणारा सोकिची समुद्रावर गेला, मेला असं धरून बायकोने दुसरा संसार मांडला, आणि आता तो स्वतःच्याच घरापुढे उभा होता. वर माडीवर दिवा, नाकात भाताचा वास. पानांमागून पानं भरली.

दुसऱ्या दिवशी समोरच्या ताटातल्या जेवायच्या काड्या उलट्या बाजूने ठेवलेल्या दिसल्या. डावखुऱ्याला सोयीच्या. सोकिचीला त्यांनी डावखुरा केला होता, तो त्याच सकाळी.

बाई आपले कागद चोरून वाचते, अशी त्यांची खात्री झाली. आंघोळीला जाताना त्यांनी कागदांवर स्वतःचा एक पांढरा केस ठेवला. परत आले तर केस तिथेच. दुपारी लिहिताना त्यांनी मुद्दाम सोकिचीच्या दाढा पाडल्या. पुढच्या जेवणाला समोरच्या ताटातला मुळा बारीक किसलेला होता.

मग संशय उलटून त्यांच्यावरच आला. ओळी इतक्या सहज उतरतायत, त्या आपल्याच कशावरून? आपण प्रतिभा जोपासतोय, की आपल्याला कुणी राबवून घेतंय? आणि हेही दिसत होतं, की बांगड्याची जाड तुकडी रोज त्या ताटात पडते. ही बाई जिवंत माणसाला शेपटी वाढते नि कागदावरच्याला मधला भाग!

हात्सुए चहा आणायला खाली गेली तेव्हा त्यांनी हात लांब करून ती तुकडी उचलली आणि खाल्ली.

ती परत आली. ताटाकडे पाहून थबकली.

“तुम्ही... खाल्लंत?”

“चव बघितली जरा.”

“त्यांच्या तोंडचा घास होता तो.” तिचा आवाज एकदम उतरला. “आता ते मागायला येतील, सेन्सेई.”

“येऊ देत की! यावेत म्हणूनच वाढत होता ना?”

“जेवून येतो तो वेगळा...” ती पुटपुटली, “नि उपाशी येतो तो वेगळा.”

त्या क्षणापासून गोष्ट अडली. सोकिची जिन्यापाशी उभा, आणि पुढे काही सुचेना. दुसरा दिवस उजाडला. उद्या नागासेबाई गोष्ट न्यायला येणार होत्या. बाहेर बर्फ भुरभुरत होतं, दुपार असून खोलीत काळवंडून आलं होतं. शेवटी कुझुमींनी नेटाने लिहिलं: सोकिचीने पहिल्या पायरीवर पाय ठेवला.

खाली जिन्याची फळी करकरली.

त्यांनी पेन कागदावरून उचललं. सगळं शांत. मागच्या अंगणात हात्सुए लाकडं फोडत होती. कुऱ्हाडीचा आवाज स्पष्ट येत होता. सराईत तिसरं कुणी नव्हतं.

दुसरी पायरी, त्यांनी लिहिलं.

कर्र...

ओल्या तागाचा वास दाराच्या फटीतून आत आला. कुझुमींनी एक नजर दाराकडे टाकली. अजूनही ‘सोकिची मागे फिरला’ एवढं लिहिलं की सुटका होती. तसं ते आयुष्यभर लिहीत आले होते. पण उपाशी माणूस भाताच्या वासावरून मागे फिरत नाही, हे त्यांना कळत होतं. इतकं स्वच्छ त्यांना आजवर काहीच कळलं नव्हतं.

त्यांनी लिहिलं: तो वर आला. त्याने दार सरकवलं.

कागदी दार सरकलं. बाहेर कुणीच नव्हतं. नुसता अंधारा जिना आणि गारठा. कुऱ्हाडीचा आवाज थांबला होता. डोळे पुन्हा कागदाकडे वळवून कुझुमींनी शेवटचं वाक्य लिहिलं: सोकिची आपल्या ताटावर बसला. पेन खाली ठेवताना त्यांना रडू आलं. शेवट खरा उतरला होता.

बाहीने खांद्यावरचं बर्फ झटकत हात्सुए भाताचं भांडं घेऊन आली आणि दाराशी गुडघ्यांवर टेकली.

“झाली का हो गोष्ट पुरी?”

उत्तर द्यायला कुझुमींनी तोंड उघडलं. पण ती त्यांच्याकडे पाहतच नव्हती. समोरच्या आसनाकडे वळून, मान थोडी कलती करून, ती लक्ष देऊन काहीतरी ऐकत होती.

मग तोंडावर हात धरून ती खुदकन हसली.

“अगदी! मलाही वाटलं, ऐन वेळी हे तुम्हाला परतच पाठवणार.”