डाव्या टोकाची सुरगाठ

मुलीनं पर्समधून एक जुनी पुरचुंडी काढून टेबलावर ठेवली, आणि थोरलीच्या हातातली कात्री होती तिथंच थांबली... कागदी गुलाबाची पाकळी अर्धी कापलेली, अर्धी तशीच लोंबत राहिली.

"मला अगदी अशाच हव्यात," मुलगी म्हणाली. "माझं लग्न आहे. पाहुण्यांच्या हातात द्यायला. आत साखरेत घोळलेले बदाम घालायचेत. सगळा बाजार पालथा घातला मी. मशीनवर शिवलेल्या पिशव्या दाखवतात आणि हातकाम म्हणून गळ्यात मारतात. शेवटी खालच्या फितींच्या दुकानवाल्या काकांनी ही बघितली आणि म्हणाले, असली गाठ बांधणारी एकच बाई आहे, वर जा."

"तुला कुठं मिळाली ही?" थोरलीनं विचारलं. आवाज हलला नाही. तिचा आवाज सहसा हलत नसे, तेवढी शिस्त तिनं त्याला लावून ठेवली होती.

"आईच्या कपाटात. बटणं ठेवते हिच्यात. कुणाला हात लावू देत नाही. मी गुपचूप आणलीय."

थोरलीनं पुरचुंडी उचलली. मोतिया रंगाचं रेशीम, आता फिक्या चहासारखं झालेलं, कडेला बारीक साखळीटाका, आणि गळ्याशी फितीची सुरगाठ, डावं टोक ओढलं की सुटणारी. हे रेशीम कुठून आलं ते जगात दोघी बहिणींनाच ठाऊक होतं. थोरलीच्या लग्नासाठी म्हणून आईनं ट्रंकेत घालून ठेवलेलं ते कापड. थोरलीचं लग्न काही झालं नाही... आईवडील पाठोपाठ गेले आणि मग धाकट्या बहिणीची शाळा, तिचं कॉलेज, तिचा चष्मा, तिची दुखणी, यातच वय निघून गेलं. पुढं धाकटीनं आपलं आपणच ठरवलं तेव्हा थोरलीनं ते कापड काढलं, क्षणभर गालाला लावलं आणि त्यावर कात्री चालवली. पाहुण्यांसाठी पुरचुंड्या करायला.

तिनं मुलीकडं नीट पाहिलं. हनुवटी धाकटीची. बोलताना मान वाकडी करायची ढबही तिचीच. म्हणजे ही आपली भाची... रक्ताची भाची समोर उभी, आणि गिऱ्हाईक म्हणून उभी.

"चांगलं केलंय काम," थोरली म्हणाली. "कुणी केलंय?"

"आई म्हणते, तिच्या लग्नात सजावटीला कुणी बाई कामाला आल्या होत्या, त्यांनी."

कामाला आलेली बाई. इतक्या वर्षांनी तेच शब्द, तसेच घडी न मोडलेले.

त्या दिवशी थोरली हॉलमध्ये शिडीवर उभी होती. कागदी फुलांच्या माळा तिनं हिवाळाभर बसून केल्या होत्या, बोटांना डिंक आणि केसांत कागदाचे कपटे घेऊन ती शेवटची माळ बांधत होती, आणि खाली धाकटीच्या होणाऱ्या सासूनं नाक मुरडून विचारलं होतं, "ही कोण गं?" धाकटी गोरीमोरी झाली. मोठं घर, मोठी माणसं, आणि वर शिडीवर हा असा अवतार. "त्या... कामाला येतात आमच्याकडे," ती म्हणाली. झालं. थोरलीनं ती माळ नीट बांधली, ओढून पाहिली, खाली उतरली, शिडी जागेवर ठेवली आणि न जेवता घरी गेली. भांडण नाही, तंटा नाही. धाकटीचे निरोप आले, थोरलीनं सांगितलं, कामात आहे. मग निरोपही आटले. सासरी धाकटी एकुलती एक झाली, कारण एकदा बोललेलं खोटं लहान मुलासारखं असतं, त्याला सारखं सांभाळत बसावं लागतं. आणि थोरलीचा अभिमान असा, की तहान लागली तरी दुसऱ्याच्या माठाकडं बघायचा नाही. दोघी एकाच गावात राहिल्या आणि दोघींनी आपापले रस्ते बदलून घेतले.

"आईला सांगून आलीस?"

"छे. तिला दुकानातले सोनेरी डबे हवेत. म्हणते, हातानं केलेलं लोकांना गरिबीचं दिसतं."

"तिला दिसत असेल," थोरली म्हणाली आणि अर्धी पाकळी कापून टाकली.

नाही म्हणायला काय लागत होतं? हंगाम होता, कामं अंगावर आली होती. पण मुलगी टेबलावर दोन्ही कोपरं टेकून म्हणाली, "मावशी, कराल ना?" येणारं जाणारं प्रत्येक गिऱ्हाईक थोरलीला मावशीच म्हणायचं. या पोरीच्या तोंडून मात्र तो शब्द आला आणि थोरलीच्या अंतःकरणात कुठंतरी खोल कळ उठली... गोड की कडू, तिचं तिलाच कळेना.

"करते," ती म्हणाली. "पण निम्म्या तू बांधायच्या. हातकाम हवं म्हणतेस तर हात तुझाही लागू दे. आणि फुलंही शिकायची. नुसती बसून गप्पा मारणारी माणसं मला इथं नकोत, खुर्ची एकच आहे."

मग मुलगी रोज दुपारी यायला लागली. फितींच्या दुकानावरची ती खोली, खिडकीपाशी टेबल, एका भिंतीला दोरीवर वाळत घातलेल्या कागदी माळा, खाली पुठ्ठ्यांचे गठ्ठे, आणि सगळीकडं डिंकाचा वास. मुलीचे पहिले गुलाब कोबीसारखे झाले. "लावू, लावू," थोरली म्हणाली, "मागच्या भिंतीला लावू, तिथं दिवा नाही." मुलगी खदखदून हसली. रिकाम्या बरण्यांना सुतळी गुंडाळून तिनं फुलदाण्या केल्या, त्या मात्र झक्क झाल्या, आणि थोरली तसं बोलली नाही, फक्त एक बरणी उचलून स्वतःच्या खिडकीत ठेवली. पोरीनं ते पाहिलं.

थोरलीनं तिला काही सांगितलं नाही. सांगून काय? आईविषयी पोरीच्या मनात किल्मिष कशाला घालायचं, तेही लग्नाच्या तोंडावर. मनाशी तिनं ठरवलं होतं, भाचीच्या लग्नाला आपला हात लागतोय एवढं पुरे. पण मन असं पुरे म्हणून थांबतं थोडंच... मुलगी जिना उतरून गेली की खोली आधीपेक्षा रिकामी वाटायची.

पुरचुंडीची गाठ शिकवायची वेळ आली तेव्हा मुलीला ती पहिल्या झटक्यात जमली. ती डावरी होती.

"डावं टोक बोटभर लांब ठेवायचं," थोरलीनं दाखवलं. "लोक लांब टोक ओढतात. डावं ओढलं की सुटते. उजवं ओढलं तर सुरगाठीची निरगाठ होते, मग बसा दातांनी सोडवत."

मुलगी तिच्या हातांकडं बघत राहिली. "मावशी, तुम्ही कात्री उजव्या हातात धरता. सुई उजव्या. इस्त्रीसुद्धा. मग गाठ तेवढी डावऱ्या माणसाची का बांधता?"

"सवय."

"आपोआप कशी लागेल असली सवय?"

"जीभ चालते तसा हात चालव जरा."

मुलीनं हात चालवला. पण घरी जाऊन जीभही चालवली असावी. कारण लग्नाच्या आदल्या दुपारी जिन्यावर पावलं वाजली ती मुलीची नव्हती. जड, थांबत थांबत येणारी. दारात धाकटी उभी होती. केस पांढरे झालेले, अंगावर भारी कपडे, आणि हातात ती जुनी पुरचुंडी.

"ये," थोरली म्हणाली. "त्या स्टुलावर बसू नकोस, डिंक सांडलाय."

धाकटी उभीच राहिली. "लेक म्हणाली, एक मावशी आहेत, उजव्या हाताच्या, पण गाठ माझ्यासारखी बांधतात."

"बरं मग?"

"आईची गाठ सरळ होती, ताई. उजवी. आपण घरी दुकानदारासाठी पुरचुंड्या बांधायचो, तेव्हा उलटी गाठ बांधली म्हणून आई तुला पट्टीनं मारायची. म्हणायची, थोरलीनं धाकटीला उलटं शिकवलं. जाईपर्यंत म्हणायची. मीही तेच खरं धरून चालले..." तिनं हातातल्या पुरचुंडीची गाठ पुढं केली. "तू शिकवलं नव्हतंस. मीच डावरी होते. उलटी माझी होती."

थोरली फितीचं रीळ गुंडाळत राहिली. "टोपलीत तुझ्या तेवढ्या उलट्या निघायच्या. दुकानदार परत पाठवायचा, आई तुझ्या बोटांवर पट्टी मारायची. इवलीशी बोटं तुझी. मग मी सगळ्याच उलट्या बांधायला लागले. टोपली एकसारखी झाली. दुकानदाराला सांगितलं, नवीन तऱ्हा आहे, डावीकडून सुटते. त्याला काय, त्याला एकसारखं हवं होतं."

"आणि मार तू खाल्लास."

"माझी बोटं जाड होती."

धाकटी भिंतीला टेकली आणि रडू लागली, आवाज न करता, लहानपणी रडायची तशी. "त्या दिवशी हॉलमध्ये मी..."

"ऐकलं होतं मी. शिडीवर होते, बहिरी नव्हते."

"ताई, कोणत्या तोंडानं..."

"फितीवर रडू नकोस," थोरली म्हणाली. "सॅटिनला डाग पडतो." स्वतःचे डोळे भरून आले होते ते तिनं खांद्याला पुसले. मग रीळ खाली ठेवलं. "उद्या माळा लावायला मीच येणार आहे. कामाला येणारी बाई म्हणून मला चालेल, त्यात लाज नाही मला, कामच करते मी. पण तुला बहीण म्हणायचं असेल तर इथं म्हणू नकोस. इथं ऐकायला माझ्याशिवाय आहे कोण? आणि मला ते आधीच ठाऊक आहे."

धाकटीनं डोळे पुसले, खुर्ची ओढून घेतली आणि राहिलेल्या पुरचुंड्या बांधायला बसली. डावा हात अजून तसाच चालत होता, सपसप. दोघी संध्याकाळपर्यंत बसल्या, बोलणं झालं ते बदाम आणि फितीपुरतं. मधेच धाकटीनं कात्री घेतली आणि टोपल्यांतल्या सगळ्या पुरचुंड्यांची टोकं नीट सारखी कापून टाकली. तिला लहानपणापासून सगळं नीटनेटकं लागायचं. थोरलीनं ते पाहिलं, तोंड उघडलं... आणि मिटलं. या पोरीला रागवायचं तिला तेव्हाही जमलं नव्हतं. जाताना धाकटी दारात थांबली, काहीतरी बोलेलसं वाटलं, पण तशीच उतरून गेली. थोरलीला त्या रात्री वाटलं, एवढंच व्हायचं होतं, एवढंच झालं.

दुसऱ्या दिवशी हॉल असा सजला की हॉलचा व्यवस्थापकही दारात उभा राहून बघत बसला. छताला माळा, टेबलांवर सुतळीच्या फुलदाण्या, मागच्या भिंतीला कोबीसारखे गुलाब. लग्न लागलं, आणि मुलीनं स्वतः फिरून प्रत्येकाच्या हातात पुरचुंडी दिली. थोरली शिडी घेऊन मागच्या दाराशी उभी होती. भाचीला नवरीच्या वेषात डोळे भरून पाहिलं होतं. आता निघायचं.

तेवढ्यात हॉलमध्ये कुरबुर सुरू झाली. पाहुणे टोकं ओढत होते, उजव्या हातानं, उजवं टोक, आणि गाठी घट्ट होत होत्या. लहान मुलं बदामांसाठी रडकुंडीला आली. एका काकांनी दात लावून पाहिले आणि कवळी सांभाळत बसले. पुढच्या ओळीत धाकटीची सासू बसली होती, आता पार म्हातारी, काठी हातात, नजर मात्र अजून टाचणीसारखी. तिनं पुरचुंडी मांडीवर आपटली.

"कुणी बांधल्यात या? तिजोरी आहे की काय?" मग तिची नजर मागच्या दाराकडं गेली. "ती शिडीवाली तीच ना? तुझ्या लग्नात कामाला आलेली?"

हॉल गप्प झाला नाही, लग्नाचा हॉल कधी गप्प होत नाही. पण जवळचे पाहुणे वळून बघायला लागले. धाकटी मधोमध उभी होती, भारी कपड्यांत, सगळ्या मोठ्या माणसांसमोर. थोरलीनं शिडीवरची पकड घट्ट केली. नको बोलूस, तिच्या मनात आलं. आणि लगेच आलं, बोल गं...

"ती कामाला आली नव्हती, आई," धाकटी म्हणाली. "मी तेव्हा खोटं बोलले. ती माझी थोरली बहीण आहे. तिनं मला वाढवलं, शिकवलं, माझं लग्न लावून दिलं, आणि मी तिला ओळख दिली नाही. ही गाठ उलटी आहे, ती माझी खोड. तिनं माझ्यासाठी उचलली." बोलता बोलता ती चालत आली होती. तिनं थोरलीच्या हातातली शिडी काढून भिंतीला लावली आणि तो डिंकाचा हात आपल्या हातात धरला.

मुलगी नवरीच्या वेषात तशीच उभी राहिली. "म्हणजे खरीखुरी मावशी?" ती म्हणाली.

म्हातारीनं दोघींकडं आळीपाळीनं पाहिलं. "इतकी वर्षं हिला जेवायला बोलावलं नाहीस?" ती सुनेला म्हणाली. "शोभतं का? आणि तू गं, तुलाही पाय होते ना यायला?" मग पुरचुंडी पुढं केली. "ते राहू द्या आता. आधी ही सोडवा."

थोरलीला हसू आलं, आणि हसता हसताच ऊर भरून आला. "टोकं सारखी कापलीस ना काल," ती धाकटीला म्हणाली. "आता सोडवत बस."

"तू बघत होतीस. मग बोलली का नाहीस?"

"रागावले असते तर उठून गेली असतीस."

दोघींसाठी शेजारी शेजारी खुर्च्या आल्या. पाहुणे, मुलं, कवळीवाले काका, सगळे पुरचुंड्या घेऊन त्यांच्यापुढं उभे राहिले. एक गाठ सैल करायची, दुसरी डावं टोक ओढायची. मुलगी दोन ताटं घेऊन आली आणि त्यांच्या मांडीवर ठेवून तिथंच बसली, हलेचना.

त्या दिवशी थोरली जेवून घरी गेली.