बेलघाटची खेप

तेजरामच्या नावेचं इंजन जाताना गाणं म्हणत जायचं आणि येताना धापा टाकत यायचं. आता इंजन ते इंजन, त्याला जाणं-येणं काय कळतंय? पण हिवाळा लागल्यापासून हेच चाललं होतं, आणि तेजरामची झोप पार उडाली होती.

गोसेखुर्द धरणाच्या पाण्यात शेत गेलं, त्याच्या मोबदल्यात त्यानं ही लोखंडी नाव घेतली होती. नागपूर-भंडाऱ्याची हौशी मंडळी नाव ठरवून फेरी मारायची. पण खरं गिऱ्हाईक निराळंच. ज्यांची गावं पाण्याखाली गेली ती माणसं यायची, आणि म्हणायची, आमचं गाव होतं तिथं नेऊन आणा जी. बेलघाट बुडालं त्या जागेवर तेजराम इंजन बंद करायचा. माणसं पाण्याकडे बघत बसायची, डोळे पुसायची, मग परत. हिवाळ्याचे चार महिने हाच धंदा. ऐन हंगामात इंजन बसलं असतं तर नाव विकून मजुरीला जाण्यावाचून दुसरं काय होतं?

अड्याळचा नीलेश मेकॅनिक पुन्हा पुन्हा येऊन गेला होता.

"इंजनले काईच नाई झालं, तेजरामभाऊ. तुमी वजन जास्त भरून राहिले."

"अबे, जाताना जेवढी मानसं, येताना बी तेवढीच ना?"

"मंग मले काहून इचारता?" नीलेश चिडून म्हणाला आणि हात पुसत निघून गेला.

तेजराम काही असातसा घाबरणारा गडी नव्हता. छप्पन साली दीक्षा घेतल्यावर त्याच्या आजोबांनी घरातले देव वैनगंगेत सोडले, तेव्हापासून त्या घरात ना देव राहिला ना भूत. बिघाड म्हटला की त्याला कारण असणारच. पंख्यात शेवाळ अडकलंय का पाहिलं. नाव काठावर ओढून तळ ठोकून पाहिला. तळ ठणठणीत होता.

त्या दिवशी मोहाडीचे चंद्रभान आले. हातमागावर आयुष्य काढलेला माणूस, बोलणं कमी. सोबत बायको कुसुमताई आणि लेक कीर्ती. बेलघाट हे कुसुमताईंचं माहेर. तेजरामच्या बायकोनं, सरितानं, तिघांना जॅकेटं घातली आणि नेहमीसारखी पुढच्या टोकाला जाऊन बसली. एवढ्या मोठ्या नावेत मोजून तिघं गिऱ्हाईक! तेजरामला हायसं वाटलं. आज तरी इंजनला त्रास नाही.

जाताना नाव अगदी मजेत गेली.

बेलघाटावर कुसुमताईंनी पाण्यात हळदकुंकू सोडलं, खणनारळ सोडला. नारळ बराच वेळ नावेच्या कडेकडेनं तरंगत राहिला. ऊन कलायला लागलं तसा तेजराम उठला, इंजनचं हँडल हातात घेतलं आणि सवयीनं ओरडला, "कोनी रायलं का होऽऽ?"

कुसुमताई दचकल्या, आणि मग एकदम हसल्या. "अगा माय! हे तं गोमाजीचं!"

गोमाजी हा बेलघाटचा जुना नावाडी. तेजराम लहानपणी त्याच्याच डोंग्यातून पलीकडे शाळेत जायचा. गोमाजीचे कायदे कडक. घाट सोडण्याआधी हाक मारायची, मागं राहिलेल्याला घ्यायचं. आणि डोंगा काठाला लागला तरी नावाड्यानं 'उतरा' म्हटल्याशिवाय कोणी जागचं हलायचं नाही. तेजरामच्या तोंडात ते तसंच राहिलं होतं. या जागेवरून निघताना प्रत्येक खेपेला तो ही हाक मारायचा, का ते त्यालाही सांगता आलं नसतं.

कुसुमताईंना काय भरून आलं कोण जाणे. त्या कडेवर वाकल्या आणि पाण्याकडे तोंड करून त्यांनीही माहेरच्या गेलेल्या माणसांना हाक घातली. "अवं सत्यभामा! धनीरामदादा! या वं सगळे, नाव निंगाली!"

"आई, काय करून राहिली तू?" कीर्ती ओशाळून म्हणाली.

तेजरामनं हँडल मारलं. इंजन लागलं, आणि लागताच गुदमरलं.

काळा धूर निघाला. नाव जागची हलेना. त्यानं इंजनचा जोर वाढवला तेव्हा कुठं ती रांगत निघाली. रबर जळल्याचा वास यायला लागला. त्यानं कडेवरून वाकून पाहिलं. नावेच्या अंगावर रंगवलेला निळा पट्टा पाण्याखाली गेला होता. खच्चून माणसं भरली तरी पाणी पट्ट्याला कधी शिवलं नव्हतं.

नाव डुलली. जागचं कोणीच हललं नव्हतं.

कीर्ती बाकाच्या अगदी टोकाशी अंग चोरून बसली होती. आख्खा बाक रिकामा.

"मधात बस ना बाई, पडशीन," तेजराम म्हणाला.

"जागा नाई ना," ती म्हणाली, आणि स्वतःच्याच बोलण्यानं पांढरीफटक पडली.

चंद्रभाननं बायकोचा हात घट्ट धरला. वारा सुटला होता. प्रत्येक लाट कडेवरून आत डोकावत होती. सरिताला पोहता येत नव्हतं. जॅकेट होतं अंगात, पण ती डोळे मिटून गच्च बसली होती. तेजरामनं तिच्याकडे पाहिलं. एवढी आपली सरिता पोचू दे काठाला, नाव गेली तरी चालेल, असं त्याच्या मनात आलं. मागायचं कोणाला ते मात्र त्याला सुचेना.

काठ आला. नाव बांधून, काठावर फळी टाकून होते न होते तोच तिघंही फळीवरून उड्या टाकत उतरली, आणि मागं न बघता जीपकडे पळाली. सरिताही उतरून फळीच्या टोकाशी उभी राहिली.

तेजराम एकटाच नावेत होता. इंजन बंद होतं.

निळा पट्टा अजून पाण्याखालीच होता.

त्यानं पुन्हा वाकून पाहिलं. मग त्याच्या ध्यानात आलं. रोज काठाला लागलं की तो म्हणायचा, 'चला, उतरा सांभाळून.' आज घाईत म्हणायचंच राहिलं होतं.

तो फळीकडे वळला.

"उतरा," तो म्हणाला. "घाट आला."

फळी वाकली. सरळ झाली. पुन्हा वाकली.

नाव बोटाबोटानं वर यायला लागली. तेजराम इंजनला पाठ लावून बघत राहिला. फळी वाकत होती, सरळ होत होती, आणि संपतच नव्हतं. शेवटी निळा पट्टा ठिबकत वर आला. फळी थांबली.

सरिता अजून तिथंच होती. बायकांना उतरताना हात द्यायची तिची सवय. उजवा हात तिनं पुढे केलेला होता, मूठ अर्धी मिटलेली.

"सरिता," त्यानं हाक मारली. "चाल वं घरी. काई नाई झालं."

तिनं हाताकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"अवो, शेवटच्या बुढीचा हात गरम होता," ती म्हणाली. "इचारत होती मले, दुसरी खेप कवा निंगते."