माळेखालचा दिवा

यात एक अक्षरही रचलेलं नाही. मी स्वतः तिथे उभी होते.

साल २०१९. दसऱ्याची दुपार. गाव घाटनांदूर.

गावचे जमीनदार विठ्ठलराव यांचा नातू विजयसिंह एक जुना फोटो घेऊन माझ्याकडे आला. त्यात त्यांच्या अंगणातली काळी मोटार, दसऱ्याला पुजलेली. चाकांखाली लिंबं. आत कुणी नाही. फोटो बाजूने काढलेला; पुढचा एकच दिवा दिसतो, त्यावर झेंडूची जाडजूड माळ.

"आज्जी, ही कोणती गाडी? फोनवर फोटो टाकला, तर लोक भांडायलेत. कुणी डॉज म्हणतंय, कुणी हिलमन. म्हणतेत, दिवा दिसला की सांगतो."

मी फोटो उलटा केला. मागे साल लिहिलेलं, १९६६.

१९६६ साली, दसऱ्याच्या आदल्या दिवशी, माझा थोरला भाऊ रामहरी रस्त्यावर चिरडलेला सापडला. डोकं फुटलेलं. मुठीत मोटारीच्या दिव्याची चकचकीत रिंग.

गावात मोटार एकच होती, विठ्ठलरावांची. "ती महिनाभर बंद हाय," असं त्यांनी सांगितलं. फौजदार त्यांच्याच घरी जेवला. आईने ती रिंग कुणालाच दाखवली नाही. पुढे मी ती देव्हाऱ्यात जपली.

रिंग घेऊन मी विजयसिंहाबरोबर निघाले. मला एकदा त्यांच्या तोंडून ऐकायचं होतं.

विठ्ठलराव अंगणात खुर्चीवर बसले होते. मी फोटो पुढे धरला.

"मालक, या माळेखाली काय हाय?"

त्यांनी माझ्या हातातली रिंग पाहिली.

"माळ काढू नका..."

विजयसिंह हसला. "आजोबा, फोटोतली माळ कशी निघंल?"

मी फोटोकडे पाहिलं.

माळ नव्हती...

दिव्याची काच फुटलेली. भोवतीची रिंग गायब.

मागे इंजिनाची घरघर झाली. वळून पाहिलं... अंगण रिकामं.

पेट्रोलचा वास आला. मग चाकाखाली लिंबू फुटावं तसा आवाज...

"ब्रेक दाबला व्हता बे, रामहरी!" विठ्ठलराव किंचाळले.

खुर्चीसकट ते भिंतीवर आदळले. छाती आत गेली. मग डोकं फुटलं. रक्त विजयसिंहाच्या तोंडावर उडालं. धोतरावर चाकाचा रुंद ठसा उमटला.

घरघर फाटकापर्यंत गेली... आणि थांबली.

माझी मूठ रिकामी होती.

म्हातारा तोल जाऊन पडला, अशी नोंद झाली. त्यांची बायको छबुबाई वडवणीला लेकीकडे गेल्या, त्या परतल्या नाहीत. विजयसिंहाने आपली जीप विकली, तो एसटीने फिरतो. फोटो त्याने माझ्याकडेच टाकला.

गॅरेजवाल्या अभिमन्यूने तो बघताक्षणी सांगितलं, हिलमन. फोटोतला दिवा आता धड आहे. रिंग चमकते.

रामहरी कधी मोटारीत बसला नव्हता. लई हौस होती त्याला.

मोटारीत कुणी नव्हतं, असं मी वर लिहिलंय...

आता चालकाच्या जागी कुणीतरी आहे.

चष्मा लावून बघायची माझी हिंमत होत नाही.