रिकिबी वेंडेलच्या मापाच्या

थाप वाटली तर खुशाल थाप समजा. मी तिथे होतो. माझ्या डोळ्यांनी पाहिलंय.

वायोमिंगमध्ये, शेरिडनच्या वरच्या अंगाला मार्लिसचं गुराघोड्यांचं रँच आहे. ऑक्टोबरचा दुसरा गुरुवार. दुपारचे तीन, लख्ख ऊन. रात्र असती तर माझाच माझ्यावर विश्वास बसला नसता.

मी अर्ल. चाळीस वर्षं लोकांचे बिघडलेले घोडे सुधारतोय. मार्लिसचा नवरा वेंडेल ऑगस्टमध्ये ओढा पार करताना बुडाला. त्याचा घोडा, टकर, एकटाच घरी आला. तेव्हापासून तो कुणाला पाठीवर चढू देईना. रिकिबीत पाय टाकला की बाजूला सरकायचा.

"शनिवारी मुलगा त्याला लिलावात नेणार आहे," मार्लिस म्हणाली. "वेंडेलचं एवढंच उरलंय रे माझ्याकडे. घोड्यांचा मास्तर म्हणवतोस ना? मग दाखव!"

"तीन दिवस दे. आणि कॉफी जरा कडक कर. कालचं नुसतं गरम पाणी होतं."

माझी पद्धत साधी. सरकला की रिंगणात पळवायचा. थांबला की विसावा. दोन दिवसांत कुठल्याही घोड्याला कळतं.

टकरला कळलं नाही.

तिसऱ्या दिवशी, त्या गुरुवारी, मी दमलो. लगाम धरून त्याच्या डाव्या बाजूला नुसता उभा राहिलो.

आणि टकर आपणहून थांबला...

चारही पाय रोवले.

खोगिराचं कातडं करकरलं...

खोगीर माझ्यापासून दूर, उजवीकडे कललं. मग हळूच सरळ झालं.

मी पलीकडे जाऊन पाहिलं. कुणी नव्हतं.

घोड्यावर सगळे डावीकडून चढतात, वेंडेल मात्र उजवीकडूनच चढायचा. डावा गुडघा मोडला होता त्याचा.

 मार्लिसला सांगायला हवं होतं. पण चाळीस वर्षांचं नाव... काय सांगणार होतो मी? तोवर ती कुंपणापाशी आलीच. टकर दगडासारखा उभा.

"अरे, जमलं की तुला!" तिचा चेहरा उजळला. "बाजूला हो."

"थांब, रिकिबी आखूड करतो. वेंडेलच्या मापाच्या आहेत."

"हात लावू नकोस. राहू देत त्याच्याच."

कुंपणाच्या फळीवर चढून ती डावीकडून खोगिरावर बसली. टकर हलला नाही.

तिचे पाय रिकिबींच्या वीतभर वर लोंबत होते.

आणि रिकिबी...

दोन्ही ताणलेल्या होत्या. कुणीतरी पाय रोवून बसावं तशा.

"मार्लिस, उतर! आत्ताच्या आत्ता उतर!"

टकर निघाला. ओढ्याकडे. मी धावलो, पण अडुसष्ट वर्षांचे पाय ते, किती धावणार? तिने वळून पाहिलंच नाही. ती हळू आवाजात कुणाशी तरी बोलत होती.

संध्याकाळी टकर एकटाच परत आला. पोटापर्यंत ओला. खोगीर मात्र कोरडं.

मार्लिस अजून सापडलेली नाही.

मुलगा आता त्या घोड्याकडे बघतही नाही. म्हणून तो माझ्याकडे आहे. काल पहिल्यांदाच त्याच्यावर खोगीर घातलं. चढायला नाही. मला फक्त पाहायचं होतं.

टकरने पाय रोवले. कातडं करकरलं. खोगीर उजवीकडे कललं, सरळ झालं.

मी श्वास सोडला.

मग टकरने पुन्हा पाय रोवले...

या वेळी खोगीर डावीकडे कललं. थोडंसंच. हलक्या माणसाच्या वजनाने कलावं तेवढं.

बाजूला हो, म्हणाली होती ती. आणि मी झालो होतो.