घाबरं म्हणजे काय

उपकेंद्राच्या भिंतीवर लक्षणवाचक बसवल्यापासून सुनंदा सिस्टरच्या डोक्याला ताप झाला होता. माणसानं आपलं दुखणं आपल्या बोलीत सांगायचं, यंत्रानं त्याची वैद्यकीय संज्ञा ठरवायची, आणि त्या संज्ञेप्रमाणे औषधांचं कपाट उघडायचं, रुग्णवाहिका निघायची. सिस्टरचं मत कुणी विचारत नव्हतं. बावीस वर्षांची नोकरी गेली चुलीत. पहिल्याच आठवड्यात, पायाला मुंग्या येतात म्हणणाऱ्या म्हाताऱ्याला त्या शहाण्यानं कीटकदंशाचं मलम दिलं होतं.

त्या सकाळी तानूबाई शेलार गोठ्यातलं शेण अर्धवट टाकून आल्या आणि बाकावर टेकल्या. अंग घामानं निथळत होतं, ओठ पांढरे पडले होते.

"लई घाबरं हुतंय गं बाई," त्या म्हणाल्या.

साठीच्या बाईला असं घाबरं झालं की आधी हृदय तपासायचं, हे सुनंदाला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं.

"संज्ञा, भीती," यंत्र गोड आवाजात म्हणालं. "दीर्घ श्वास घ्या. समुपदेशन गुरुवारी."

"भीती नव्हे रे ती," सुनंदा करवादली. पण रुग्णाचे शब्द कुणी बदलू नयेत म्हणून सिस्टरचा आवाज यंत्र ऐकतच नसे. तिनं तालुक्याला फोन लावला, तर तिथंही आधी संज्ञेचा क्रमांक मागितला. हृदयाचा आलेख काढायच्या पट्ट्या समोर जाड काचेमागे दिसत होत्या आणि कपाट काही उघडत नव्हतं.

"मावशी, काळजाचं सांगा त्याला."

"काळीज लई धडधडतंया, बाबा."

"काळीज म्हणजे यकृत. आपण मद्यपान करता का?"

"मुडदा बशिवला तुझा," तानूबाई क्षीण आवाजात म्हणाल्या.

"मावशी, छातीत दुखतंय म्हणा. एवढंच म्हणा." सुनंदा काकुळतीला आली.

"दुखत न्हाई, तर कसं म्हनू? सोमवार हाय आज. खोटं बोलू व्हय?"

एवढं बोलून तानूबाईंची मान कलली. आता मात्र सुनंदाचं डोकं फिरलं. तिनं त्यांच्या गळ्याखाली, छातीवर दोन बोटं घातली आणि होता नव्हता तेवढा जोर लावून चिमटा काढला.

"आई गं. दुखतंय की, मेले."

"कुठं?"

"छातीत."

खटकन कपाट उघडलं. पट्टी चिकटवल्याबरोबर आलेख आला, आणि यंत्र त्याच गोड आवाजात म्हणालं, "हृदयविकाराचा झटका. रुग्णवाहिका निघाली आहे."

दुपारी तालुक्याहून डॉक्टरांचा फोन आला. तानूबाई वाचल्या होत्या आणि चिमट्याबद्दल तक्रार करत होत्या. सुनंदा एकटीच हसली. मग तक्रार नोंदवायला तिनं जिल्ह्यातल्या सगळ्या यंत्रांची नोंदवही उघडली. 'भीती' या संज्ञेखाली महिन्याभरात दोनशे अकरा बायका दीर्घ श्वास घ्यायला सांगून घरी पाठवल्या होत्या.

ती पहिल्या नावावर बोट ठेवून बसून राहिली. यातली खरोखर भ्यालेली कोण होती?