चुन्याच्या रेषेवरचा पंच

रविवारी दुपारी सव्वाचार वाजता लासनखेडच्या पटावर, छकड्यांच्या शर्यतीत, सूर्यभानचा घोडा सुटला. त्याच्या गळ्यात पितळी घुंगरमाळ होती. ती वाजली नाही.

साल २००६, फेब्रुवारी. लासनखेड दर्यापूरपासून जीपनं अर्ध्या तासावर, खारपाणपट्ट्यात. तूर निघाली की गावालगतच्या वावरातल्या भेगा बुजवतात, रूळ फिरवतात आणि शर्यतीची धाव तयार होते. दोन घोडे, दोन हलके छकडे, मधे चुन्याची लांब रेघ आणि शेवटी आडवी रेषा. त्या हिवाळ्यात पेपरात रोज कुठल्या ना कुठल्या गावाचं आणि तिथल्या मेलेल्या शेतकऱ्याचं नाव येत होतं. का येतं, हे कोणाला विचारावं लागत नव्हतं. यंदा पट भरवू नका, असं काही जण म्हणाले होते. तेच सकाळी रूळ ओढायला आले.

लासनखेडला घुंगरांचा कायदा आहे. मुख्य पंच आडव्या रेषेवर वाकून उभा असतो. त्यानं घोड्यांकडे पाहायचं नाही. नजर चुन्यावर, कोणाचं खूर आधी पडलं एवढंच बघायचं. घोडे जवळ आले, आता मागं सरावं, हे त्याला घुंगरांवरून कळतं. म्हणून माळेवाचून घोडा सोडत नाहीत. आणि म्हणूनच दुसऱ्याच्या बाजूत घोडा घातला तर शिक्षा ठरलेली आहे: माळ काढायची आणि मंडपामागच्या बाभळीला टांगायची. घोडा वर्षभर बाहेर.

वकारच्या घोडीची, चिमणीची, माळ वर्षभर त्या बाभळीवर होती.

मागच्या पटात चिमणीचं मागचं खूर मधल्या रेघेपलीकडे पडलं होतं. शेजारचा घोडा तेव्हा बराच मागं होता. कोणाला धक्का लागला नाही. तरी पंचांचे मुख्य खुशालराव यांनी लाउडस्पीकरवरून वकारचं नाव पुकारलं आणि माळ काढली. वकारनं ते मानलं. खूर पडलं होतं.

त्याच दुपारी सूर्यभाननं आपला घोडा रामरावांच्या छकड्यापुढे सरळ आडवा घातला. छकडा उलटला. वरूडहून हौसेनं आलेल्या रामरावांचं खांद्याचं हाड मोडलं. खुशालरावांनी त्यांच्यापुढे नारळ ठेवला आणि म्हणाले, "मुकं जनावर आहे. त्याले रेघ का समजते? अन् मी त आडवं जातानी पायलंच नाई." सूर्यभान त्यांच्या बहिणीचा मुलगा.

"माही घोडी का शाळेत गेली होती रेघ शिकाले?" वकारनं मंडपासमोर विचारलं होतं.

लोक हसले. खुशालराव हसले नाहीत. "मले पंचगिरी शिकवू नको. ऑटो शिक, पोट भरशीन."

तसंच झालं. चिमणी ही नवरदेवाची घोडी. पार अकोल्याच्या जठारपेठेतून तिला बोलावणी यायची. माळ काढलेली घोडी नवरदेवाला पाडते, असं कोणीतरी बोललं आणि ते सगळ्यांना पटलं. वकार वर्षभर दर्यापुरात दुसऱ्याची ऑटो चालवत होता. बाजारात दुसरी माळ मिळाली असती. पण त्याचे वडील, इनायतुल्ला, ऐकायला तयार नव्हते. "दूसरी डालेंगे तो लोग बोलेंगे, चोर थे. वहीच आएगी. उसीके हाथ से."

वकारला माळेशिवाय आणखी एक गोष्ट हवी होती. त्याच लाउडस्पीकरवरून, त्याच माणसानं एकदा म्हणावं की दोन्ही चुका एकच होत्या. एवढं एक वाक्य. वर्षभर ऑटोच्या आवाजात तो ते मनाशी म्हणून पाहत होता, आणि प्रत्येक वेळी त्याचे दात आवळले जात होते.

रविवारी सकाळी तो मंडपात गेला. खुशालराव बशीत चहा ओतत होते.

"वर्ष झालं, भाऊ. माळ द्या."

"पट होऊ दे. मग पाहू."

"वर्षाची शिक्षा होती ना?"

"मंग आनखी एक दिवस. मरून राहिली काय तुही घोडी?"

वकार बाभळीखाली जाऊन उभा राहिला. तिथूनच त्यानं सव्वाचारला सूर्यभानचा घोडा सुटताना पाहिला.

आधी लोक हसलेच. "सूर्यभान, बोळे कोंबले काय बे घुंगराइत?" सूर्यभाननं चिडून माळ काढली, हातात हलवली. ती खणखणली. पुन्हा घोड्याच्या गळ्यात बांधली. घोड्यानं मान झटकली, माळ उडाली, आणि काहीच ऐकू आलं नाही.

लाउडस्पीकर सांभाळणारे दुसरे पंच, नत्थुजी, वीज मंडळातून निवृत्त झालेले. कुठं तार तुटली आहे, हे शोधल्यासारखे ते कामाला लागले. दुसऱ्या घोड्याची माळ आणवली. तिकडे वाजत होती, इकडे बांधली की मुकी. त्यांनी वकारला बोलावलं. घोड्यांचं त्याला कळतं म्हणून. वकारनं एका घुंगराला बोट लावलं. आतला खडा पितळेवर आपटत होता. बोटाला ते नीट कळत होतं. कानाला नाही.

त्यानं बोट काढून घेतलं आणि पँटला पुसलं.

"भाऊ, हे घोडं सोडू नका," नत्थुजी म्हणाले.

"माळ बांधली ना?" खुशालराव म्हणाले. "वाजलीच पायजे, असं कोन्या नियमात आहे?"

"मंग चिमणीले बिनमाळेची सोडा," वकार म्हणाला. त्याचा आवाज चढला. "तिचे घुंगरं तरी वाजतात. पाहा, झाडावर वाजून राहिले."

सगळ्यांनी वर पाहिलं. वारा नव्हता. बाभळीचं पानही हलत नव्हतं. माळ बारीक वाजत होती.

खुशालराव रेषेकडे गेले.

शेवटच्या फेरीला सूर्यभानचा घोडा आणि अंजनगावचा एक पांढरा घोडा. दोन्ही एकदम सुटले. पांढऱ्याची माळ, खुरं, चाकं, सगळं ऐकू येत होतं. सूर्यभानचा घोडा त्याच्या बराच पुढे होता, आणि त्याच्या खुरांचाही आवाज नव्हता. छकड्याची चाकं ढेकळांवरून उडत होती. आवाज नव्हता.

खुशालराव रेषेवर वाकून उभे. नजर चुन्यावर.

वकारनं या माणसाचं वाईट व्हावं, असं वर्षभर पुष्कळदा मनात आणलं होतं. तरी तोच ओरडला. "खुशालभाऊ, हटा!"

ते हलले नाहीत.

घोडा त्यांच्या अंगाला चाटून गेला. त्यांच्या खांद्यावरच्या दुपट्ट्याचं टोकही हललं नाही.

मग पांढरा घोडा वाजत आला. खुशालराव वेळेवर मागं सरले, रेषेवरचं खूर पाहिलं आणि ताठ उभे राहून म्हणाले, "दुसरं घोडं काहून नाई सोडलं?"

चुन्यावर एकाच घोड्याची खुरं उमटली होती.

सूर्यभान लगाम धरून परत आला. घोड्याच्या तोंडाला फेस होता, बरगड्या हलत होत्या. "मामा, मी पयला आलो!"

"तू आला. घोडं कुठं आहे?"

सूर्यभाननं हसायचा प्रयत्न केला आणि लगाम त्यांच्या हातात दिला. खुशालराव लगामाकडे पाहत राहिले. त्याच्या दुसऱ्या टोकाला घोडा धापा टाकत होता.

"रिकामा लगाम काहून देतं मले?"

कोणी हसलं नाही. संध्याकाळी नत्थुजींनीच बाभळीवरची माळ उतरवून वकारला दिली. लाउडस्पीकर तोवर बंद झाला होता.

बुधवारी सूर्यभान दर्यापूरला वकारच्या दारात उभा होता. दाढी वाढलेली. त्यानं सांगितलं की घोडा चारा खातो, पण चावण्याचा आवाज येत नाही. कुत्री त्याला भुंकत नाहीत. म्हैस त्याच्या अंगाखालीच बसायला जाते, जणू ती जागा मोकळी आहे.

"माह्यासंगं चाल. मामाले सांग, मी रामरावले आडवं घातलं होतं. माही माळ काढा म्हना."

"वर्षभर झोपला होता काय?" वकार म्हणाला. "माही घोडी उभ्या उभ्या बदनाम झाली, तवा तू लग्नाइत जेवत होता."

"शिव्या दे. पण चाल."

वकारला त्याची कीव आली नाही. पण ते वाक्य ऐकायला मिळेल, म्हणून तो गेला.

गुरुवारी सकाळी खुशालराव घराच्या ओट्यावर बसले होते. नत्थुजीही होते. सूर्यभान घोडा धरून समोर अंगणात उभा. वकारनं सगळं सांगितलं, मोठ्यानं, एकेक गोष्ट. चिमणीचं खूर. रामरावांचं हाड. नारळ. खुशालरावांनी मधे तोडलं नाही.

"खरं आहे," ते शेवटी म्हणाले. "आडवं घातलं होतं. मी पायलं होतं. चूक एकच, त शिक्षाई एकच." ते उठले, ओट्याच्या काठाशी आले. घोड्याचं तोंड त्यांच्या छातीपासून हातभर होतं. "आना घोडं. माह्या हातानं माळ काढतो."

"हे काय समोर, भाऊ," नत्थुजी म्हणाले.

खुशालरावांनी हात पुढं केला. तो घोड्याच्या मानेजवळ हवेत फिरला आणि परत आला.

"कोनतं घोडं?"

सूर्यभाननं खाली बसून त्यांचे पाय धरले. तो बोलत होता. वकारला त्याचे फक्त ओठ हलताना दिसत होते.

खुशालराव त्याच्या डोक्यावरून फाटकाकडे पाहत होते. "अन् सूर्यभान नाई आला काय? शिक्षा त्याले, अन् तोच नाई."

त्यानंतर खुशालराव रोज दुपारी सव्वाचारला वावरात जातात आणि पुसट झालेल्या रेषेवर वाकून उभे राहतात. घोडं सोडा, मी माळ काढतो, असं म्हणतात. नत्थुजी सोबत जातात. सूर्यभानही रोज घोडा घेऊन तिथं उभा राहतो, असं नत्थुजीच वकारला फोनवर सांगायचे.

आज सकाळी त्यांचा फोन आला. "काल काई सूर्यभान आला नाई," ते म्हणाले. "कटाळला असंन."

वकारनं बरं म्हणून फोन ठेवला. काल तो स्वतः लासनखेडला गेला होता. बाभळीखालून त्यानं बघितलं होतं. नत्थुजी रेषेजवळ उभे होते, आणि सूर्यभान त्यांचा दंड धरून हलवत होता.